घड्याळ बरोबर, वेळ चूक

मंडळी, या वीकेंडला एका वाक्याचा इतिहास. वाक्य तुम्ही सगळ्यांनी वाचलंय: ‘आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.’ फॉर्मचं तिसरं पान भरून झालेलं असतं, फोटो सांगितलेल्या साइजमध्ये कसाबसा बसवलेला असतो, ओटीपी आलेला असतो, आणि साइट आपल्याला उचलून दाराबाहेर ठेवते. आता तासभर काहीच न करता बसलो आणि मग बाहेर काढलं तर एक वेळ समजू शकतं. पण काही जुन्या कॉम्प्युटरांवर हे लॉगिन केल्याच्या दुसऱ्या सेकंदाला होतं. शेजारच्या नव्या लॅपटॉपवर तीच साइट, तेच नेट, तोच पासवर्ड, आणि काही त्रास नाही. असं का, हे शोधत मागे गेलो तर १९९४ ला पोचलो, आणि तिथून थेट १९०६ च्या मुंबईत. त्यामुळे जरा लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात वेबच्या विसरभोळेपणापासून. एचटीटीपी नावाचा जो प्रोटोकॉल आहे त्याला मुळात काहीच लक्षात राहत नाही. तुम्ही एक पान मागितलंत, त्याने दिलं, विषय संपला. पुढचं पान मागायला गेलात की तुम्ही त्याला पुन्हा अनोळखी. नुसते लेख वाचायचे होते तोवर हे चालून गेलं. दुकान मांडायचं ठरल्यावर पंचाईत झाली, कारण मघाशी टोपलीत साबण टाकणारा आणि आता पैसे द्यायला आलेला माणूस एकच आहे हे ओळखणार कसं? १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने यावर उपाय काढला. सर्व्हरने ब्राउझरच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, आणि ब्राउझरने प्रत्येक वेळी येताना ती दाखवायची. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला देतात ना, तसंच. या चिठ्ठीचं नाव कुकी.

(अवांतर: हा माँटुली म्हणजे ‘लिंक्स’ या नुसती अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरच्या कर्त्यांपैकी एक. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सुरू केलं. त्यानंतर ज्यांनी शेल अकाउंटवर काळ्या पडद्यावर वेब पाहिलं, त्यातल्या अनेकांनी या माणसाचं काम त्याचं नावही न ऐकता वापरलंय.)

बिल्ला आला की मुदत आली. जन्मभर चालणारा बिल्ला धोक्याचा. सायबर कॅफेत तुम्ही उठून गेल्यावर पुढचा माणूस तुमच्या मेलमध्ये बसायचा. म्हणून नेटस्केपने कुकीला मुदतीची तारीख लिहायची सोय दिली. वार, तारीख, महिना, वर्ष, तास, मिनिट, सेकंद, आणि शेवटी जीएमटी. म्हणजे ग्रिनिचच्या वेळेनुसार अमुक क्षणी हा बिल्ला बाद. तारीख लिहिलीच नाही तर ब्राउझर बंद करेपर्यंत बिल्ला चालू.

पुढे जे काही झालं ते इथे पेरलं गेलं. मुदत लिहितो सर्व्हर, त्याच्या घड्याळाने. ती संपली का हे ठरवतो ब्राउझर, आपल्या घड्याळाने. दोन्ही घड्याळं एकच वेळ दाखवतील हे त्या डिझाइनमध्ये गृहीत धरलेलं आहे.

हे खटकणारे लोक तेव्हाही होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये डेव्हिड क्रिस्टॉल आणि खुद्द माँटुली यांनी लिहिलेलं कुकीचं स्टँडर्ड आलं (आरएफसी २१०९), त्यात तारखेऐवजी ‘मॅक्स-एज’ होतं. म्हणजे अमुक तारखेपर्यंत असं न म्हणता, मिळाल्यापासून इतके सेकंद असं म्हणायचं. औषधाच्या बाटलीवर एक छापील एक्सपायरी असते आणि खाली ‘उघडल्यापासून तीस दिवसांत वापरा’ असंही लिहिलेलं असतं, त्यातला हा फरक. दुसऱ्या पद्धतीत तुमच्या घरचं कॅलेंडर चुकीचं असलं तरी बिघडत नाही, तीस दिवस मोजता आले की पुरे. इतकी साधी, शहाणी गोष्ट. पण इंटरनेट एक्सप्लोररने ती ६, ७ आणि ८ या तिन्ही आवृत्त्यांत ऐकलीच नाही. आणि आपल्याकडच्या ऑफिसांत, सायबर कॅफेंत तेव्हा दुसरं होतं काय? मग साइट बनवणारे तारीखच लिहीत राहिले. २०११ च्या आरएफसी ६२६५ ने शेवटी सांगून टाकलं की दोन्ही असतील तर मॅक्स-एजचं ऐका. तोवर चौदा वर्षं गेली होती.

इथे एक खुलासा करायलाच हवा, नाहीतर जाणकार धावून येतील. सेशन लवकर संपण्याचं कारण प्रत्येक वेळी तुमचं घड्याळ नसतं. सर्व्हरही आपल्या वहीत मुदत ठेवतो. पीएचपीत ती न बदलता ठेवली तर १४४० सेकंद, म्हणजे चोवीस मिनिटं. एएसपी डॉट नेटमध्ये वीस, टॉमकॅटमध्ये तीस. स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर तर एका सर्व्हरवर पन्नास साइट्स असायच्या, सगळ्यांच्या सेशन फाइल्स एकाच फोल्डरमध्ये, आणि त्यातल्या एकीने मुदत पाच मिनिटं ठेवली की तिचा झाडूवाला बाकीच्यांच्या फाइल्सही झाडून टाकायचा. पण हे दुखणं सर्व्हरचं. ते सगळ्यांना सारखं होतं. एकाच कॉम्प्युटरला होत असेल तर त्या कॉम्प्युटरकडे बघायला हवं.

आता त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे वळू. १९८१ चा पहिला आयबीएम पीसी चालू केला की आधी माणसालाच तारीख विचारायचा. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप आली, आणि तेव्हापासून मदरबोर्डवर एक बॅटरी बसून असते. आज ती रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी, तीन व्होल्टची, सीआर २०३२. काही वर्षांनी ती मरते. मग प्रत्येक वेळी वीज गेली की कॉम्प्युटर थेट २००५ किंवा २००९ च्या १ जानेवारीला जाऊन बसतो.

बरेच जण इथेच थांबतात. ‘सेशन लवकर जातंय? बॅटरी बदल.’ पण जरा विचार करा. घड्याळ मागे गेलं तर बिल्ल्याची मुदत लांब भविष्यात दिसेल, म्हणजे बिल्ला उलट जास्तच टिकेल! मागे गेलेल्या घड्याळाचं लक्षण निराळं: साइट उघडतच नाही, कारण तिचं सर्टिफिकेट त्या कॉम्प्युटरच्या मते अजून जन्मलेलंच नसतं. लॉगिन होऊन लगेच बाहेर पडायला घड्याळ पुढे असावं लागतं. पुढे, पण फार पुढे नाही, नाहीतर सर्टिफिकेटं संपलेली दिसतील. काही तास पुढे. आणि बॅटरी मेल्याने घड्याळ काही तास पुढे जात नाही.

मग ते पुढे जातं कसं? तर पुढे गेलंय हे कोणाला दिसतच नाही. काटे बरोबर असतात आणि वेळ चूक असते. हे वाक्य कोड्यासारखं वाटतंय म्हणून आता १९०६.

रेल्वे येण्याआधी प्रत्येक गावाची वेळ त्याच्या डोक्यावरच्या सूर्याची होती. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, मद्रासची ५ तास २१, कलकत्त्याची ५ तास ५३. रेल्वेने १८७० च्या सुमारास मद्रासची वेळ घेतली, कारण वेधशाळा तिथे होती. मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (हो, पुण्याच्या कॉलेजवाले) यांनी १८८१ मध्ये मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. शहराने इतकी कटकट केली की १८८३ मध्ये ते गुंडाळावं लागलं. राजाबाई टॉवरच्या घड्याळाने कोणती वेळ दाखवावी यावरूनसुद्धा वाजलं होतं.

मग १ जानेवारी १९०६ ला आली इंडियन स्टँडर्ड टाइम. ग्रिनिचपुढे साडेपाच तास, मुंबईच्या वेळेपुढे ३९ मिनिटं. वरवर क्षुल्लक फरक. पण गिरणीत सहाच्या भोंग्याला हजर राहणाऱ्या माणसासाठी नवं सहा म्हणजे जुने पाच वाजून एकवीस मिनिटं. जानेवारीतला काळोख, घरी नळ नाही, आणि पाऊण तास आधी निघायचं. त्याच महिन्यात जेकब सॅसून गिरणीच्या कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं. आपल्याला शाळेत हा इतिहास कोणी सांगितला नाही याचं मला अजून नवल वाटतं. त्यांच्या मते वेळ म्हणजे पगाराचा आणि झोपेचा प्रश्न होता, ग्रिनिचचा नव्हे, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

महापालिकाही हटून बसली. रेल्वे, तार आणि सरकार स्टँडर्ड टाइमवर, पालिकेची घड्याळं बॉम्बे टाइमवर. आणि हे किती वर्षं? तर १९५० च्या दशकापर्यंत! चाळीसहून जास्त वर्षं या शहरात दोन वेळा नांदत होत्या. त्यात स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, तरी पालिकेचं घड्याळ ३९ मिनिटं मागेच. कलकत्त्यानेसुद्धा आपली वेळ १९४८ मध्ये सोडली होती.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. एवढा गोंधळ असून शहर चाललं कसं? गाड्या पकडल्या जात होत्या, लग्नं मुहूर्तावर लागत होती. चाललं, कारण लोक वेळेच्या बरोबर तिचं नाव सांगत होते. दहा वाजता, पण कुठले दहा? बॉम्बे की स्टँडर्ड? जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे स्टँडर्ड टाइम असा खुलासा दिसतो तो याचसाठी. नाव कळलं की ३९ ची बेरीज-वजाबाकी डोक्यात. दोन घड्याळं वेगळी असण्याने काही बिघडत नव्हतं. आकडा बिननावाचा फिरला किंवा चुकीचं नाव लावून फिरला, की गाडी चुकायची.

आणि आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर हेच होतं. इंग्रजी विंडोज टाकताना कोणी काही न बदलता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत गेलं की टाइम झोन राहतो पॅसिफिक, म्हणजे सिअ‍ॅटल-कॅलिफोर्नियाकडचा, ग्रिनिचच्या आठ तास मागे. मशीन जोडून देणारा पोरगा कोपऱ्यातलं घड्याळ बघतो, वेळ चुकलेली दिसते, तो काटे हाताने फिरवून भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवतो. झालं. सकाळचे दहा वाजलेत, कॉम्प्युटरही दहाच दाखवतोय. पण त्याच्या मनात ते सिअ‍ॅटलचे दहा आहेत! म्हणजे त्याच्या हिशेबाने ग्रिनिचला संध्याकाळचे सहा वाजलेत. खरे वाजलेत पहाटेचे साडेचार. साडेतेरा तासांचा फरक, आणि बघणाऱ्याला सगळं ठाकठीक. अमेरिकेचा उन्हाळी टाइम चालू असेल तर साडेबारा.

अशा मशीनला सर्व्हर म्हणाला की हा बिल्ला ग्रिनिचच्या पाच वाजेपर्यंत चालेल, तर ते म्हणतं, पाच? ते तर केव्हाच वाजून गेले. बिल्ला हातात पडता पडता कचऱ्यात. त्याच वेळी सर्टिफिकेटं व्यवस्थित चालतात, कारण त्यांची मुदत महिन्यांत असते, बारा-तेरा तासांनी त्यांना फरक पडत नाही. म्हणून साइट दिसते, लॉगिन होतं, आणि लगेच बाहेर. लक्षण तंतोतंत जुळलं की नाही?

मोझिलाच्या लोकांनी यावर फार गोड उपाय केला होता. सर्व्हर प्रत्येक उत्तरासोबत स्वतःची वेळही पाठवत असतो. ब्राउझरने मुदतीतून ती वजा करायची, उरलेले सेकंद आपल्या घड्याळात मिळवायचे. मग आपलं घड्याळ कितीही चुकलेलं असो. क्रोमच्या मुळाशी असलेल्या क्रोमियममध्येही अशीच वजाबाकी आहे. म्हणजे ३९ मिनिटांचा तोच तोंडी हिशेब, फक्त कोडमध्ये. इंटरनेट एक्सप्लोरर गेला, हे ब्राउझर आले, आणि हा आजार गेला असं समजायला हरकत नव्हती.

पण तो परत आला, आणि तो ज्या दाराने आला ते आमच्याच जातीच्या लोकांनी उघडलं. २०१५ पासून जेडब्ल्यूटी नावाचे टोकन सगळीकडे पसरले (आरएफसी ७५१९, मे २०१५). त्यात मुदत पुन्हा ठोस क्षण म्हणूनच लिहिलेली असते, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. सर्व्हरने ती तपासली तर ठीकच. पण हल्ली साइटचा अर्धा जीव ब्राउझरमध्ये असतो, आणि तिथला जावास्क्रिप्ट कोड म्हणतो, उगाच सर्व्हरला कशाला विचारा, मीच बघतो मुदत संपली का. बघतो कशाने? तर कॉम्प्युटरच्या घड्याळाने. कुकीसाठी ब्राउझरने केलेली वजाबाकी इथे कोणी करत नाही. स्टँडर्डमध्ये घड्याळांच्या फरकासाठी थोडी सवलत ठेवा असं लिहिलंय, पण ती काही मिनिटांची. साडेबारा तासांची कोण ठेवणार? आणि टेस्टिंग होतं ऑफिसच्या लॅपटॉपवर, जिथे आयटीवाल्यांनी घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलेलं असतं. ज्याच्यासाठी साइट बांधली त्याचा कॉम्प्युटर त्या खोलीत कधी आलेलाच नसतो.

तो कुठे असतो, तर आमच्या करंजाड्यात झेरॉक्सच्या दुकानात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: करंजाडे म्हणजे पनवेलला लागून सिडकोने आखलेले सेक्टर, मध्ये जुनं गाव, आणि विमानतळासाठी हललेल्या गावांमधलीही कुटुंबं आसपास वसलेली. टॉवरमध्ये आमच्यासारखे लॅपटॉपवाले, आणि खाली ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ ची पाटी. गेल्या जुलैत अशाच एका दुकानात प्रिंट काढायला गेलो, तर एक मुलगी आणि तिची आई तासभर बसलेल्या. अ‍ॅडमिशनचा फॉर्म, उद्याची शेवटची तारीख. पोर्टल कुठलं ते राहू दे. ओटीपी टाकला की आत, पान उघडतंय तोच बाहेर. पाच-सहा वेळा झालं आणि पोर्टलने ओटीपी देणंच काही वेळ बंद केलं.

‘‘दादा, साइटच बाहेर काढते,’’ दुकानवाला म्हणाला. ‘‘गर्दी असंल. रात्री बघू.’’ आई म्हणाली, ‘‘रात्री कशी येणार हो, माझी ड्यूटी आहे.’’

मशीन विंडोज ७, ब्राउझर क्रोम १०९, त्यावर चालणारा शेवटचा. (विंडोज ७ चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला संपवला, पण दुकानात चालू मशीन कोणी सपोर्ट संपला म्हणून फेकत नाही.) मी विचारलं, हे रोज होतं का? तर म्हणाला, ‘‘रोज नाय. कधी कधी एकदम मक्खन चालते. पण त्या दिवशी घड्याळाचा प्रॉब्लेम असतो, ते मी लगेच नीट करतो.’’

हे ऐकून मला बसायलाच झालं. विंडोज आठवड्यातून एकदा इंटरनेटवरून वेळ जुळवतं. फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असला तर ते हात वर करतं, पण इथे फरक साडेबारा, म्हणजे मर्यादेच्या आत! म्हणून ते इमानदारीत खरी वेळ लावायचं. खरी वेळ लागली की पॅसिफिक झोनमुळे कोपऱ्यात सकाळी दहाला रात्रीचे साडेनऊ दिसायचे. त्या अवस्थेत सगळी लॉगिनं सुरळीत. मग दुकानवाला घड्याळ ‘नीट’ करायचा, आणि फॉर्म पुन्हा बंद. मशीन आणि माणूस, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि हे असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. मार्चमध्ये घड्याळ आपोआप तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतं, हेही त्याने सांगितलं. त्याला वाटायचं बॅटरी उतरलीय. दोनदा बदलून झाली होती.

काम दोन मिनिटांचं. घड्याळावर क्लिक, ‘चेंज टाइम झोन’, यादीतून यूटीसी अधिक ०५:३० ची ओळ. हे केल्यावर काटे साडेबारा तास उडी मारतात, घाबरू नका, मग ‘इंटरनेट टाइम’ टॅबमध्ये जाऊन ‘अपडेट नाऊ’. क्रम हाच ठेवा, आधी झोन आणि मग काटे. ओटीपी पुन्हा सुरू व्हायला वीसेक मिनिटं थांबावं लागलं, तेवढ्यात माझ्या प्रिंटा निघाल्या. फॉर्म सबमिट झाला, पावती छापली, दुकानवाल्याने त्या दोघींकडून फॉर्म भरायचे पैसे घेतले नाहीत. बिघाडाचं नाव काय म्हणून त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तुमचं मशीन अमेरिकेत होतं. त्याला ते फार आवडलं.

तुमच्या आईबाबांच्या घरी जुना डेस्कटॉप असेल तर पुढच्या फेरीत एकदा झोन बघून या. आणि साइट्स लिहिणाऱ्या मंडळींनो, टोकनची मुदत ब्राउझरमध्ये तपासायचीच असेल तर लॉगिनच्या उत्तरात सर्व्हरची वेळ पाठवा आणि वजाबाकी करा. चार ओळींचा कोड आहे.

जाता जाता: ती यादीतली ओळ नीट वाचा. आज तिथे चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशी नावं आहेत. विंडोज ९५ च्या काळात बॉम्बे, कलकत्ता, मद्रास असा क्रम होता. ज्या तीन शहरांच्या तीन वेळा होत्या ती एका ओळीत, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. लिनक्सवाल्यांना मात्र ‘एशिया/कोलकाता’ निवडावं लागतं, मुंबई यादीतच नाही. आणि सूर्याचं विचाराल तर त्याने कोणाचंच ऐकलेलं नाही. करंजाड्यात तो आजही स्टँडर्ड टाइमच्या साधारण ३७-३८ मिनिटं मागे चालतो, फोर्टातल्यापेक्षा मिनिटभर आधी डोक्यावर येतो.